पॉट्ससाठी बीटा ब्लॉकर: कोणता, किती आणि कुणी घेऊ नये

उभं राहिलं की हृदयाचे ठोके फार वाढतात, त्या आजाराला पॉट्स (पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम) म्हणतात. त्याचं निदान झालं की पहिल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा मीठ-पाणी वाढवायला सांगितलेलं असतं आणि त्याखाली एक बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारी गोळी, लिहिलेला असतो. चिठ्ठी घेऊन माणसं मेडिकलमध्ये येतात, स्ट्रिप उलटून बघतात आणि विचारतात, "ही तर बीपीची गोळी ना? माझं बीपी तर उलट कमीच असतं!" प्रश्न अगदी रास्त आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी द्यायची हे ठरवणं माझं काम नाही. पण ओपीडीत मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांत काय सांगायचं, काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय मोजायचं हे आधी ठाऊक असेल, तर डॉक्टरांनाही निवड करणं सोपं जातं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ठोके किती खाली आले यावर गोळीचं मोल करू नका. गोळी घेतल्यावर तुम्हाला उभं राहून काय काय करता येतं, यावर करा. पुढचं बरंचसं यातूनच आलं आहे.

आधी खात्री करा

उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढणं, ते वाढलेलेच राहणं, त्या वेळी बीपी फारसं न पडणं आणि हा त्रास किमान तीन महिने चालू असणं, ही पॉट्सची ढोबळ व्याख्या. १२ ते १९ वयाच्या मुलामुलींत ही वाढ ४० लागते, कारण त्या वयात ठोके एरवीही जास्त उड्या मारतात. हे नाव रुळलं १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मज्जातंतुतज्ज्ञांच्या लेखानंतर. त्यामुळे जुन्या पिढीतल्या काही डॉक्टरांनी हे शिकताना वाचलेलंच नसतं. रुग्णांत तरुण मुली आणि बायका जास्त, म्हणून 'टेन्शन घेते', 'नाजूक आहे', 'लग्नाचं वय झालं' असली निदानं घरच्या घरी होत राहतात. कोविडनंतर या तक्रारी घेऊन येणारे वाढले आणि आजार किमान ओळखला तरी जाऊ लागला.

घरी मोजायचं तर सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. पॉट्सचे ठोके सकाळी जास्त वाढतात. दहा मिनिटं शांत आडवं पडा, ठोके आणि बीपी लिहून घ्या. मग उभं राहा. भिंतीपासून टाचा वीतभर पुढे, खांदे भिंतीला टेकलेले, पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या मिनिटाला ठोके आणि बीपी लिहा. शेजारी कुणीतरी असायलाच हवं. डोळ्यांपुढे अंधारी आली, कान बंद झाल्यासारखे वाटले की लगेच आडवं व्हायचं, दहा मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर ठोके मोजायला चालतो, पण पॉट्समध्ये हात गार पडतात आणि मग तो काहीबाही आकडे दाखवतो. नेलपॉलिश काढा, हात चोळून गरम करा किंवा सरळ बीपीच्या मशीनवरचे ठोके घ्या.

वरचं बीपी उभं राहिल्यावर २० किंवा त्याहून जास्त पडत असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि तिथे बीटा ब्लॉकरने नुकसानच होईल. ठोके वाढण्याची साधी कारणंही आधी बाजूला काढावी लागतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, ईसीजी आणि गरज वाटल्यास टू-डी एको किंवा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी). आपल्याकडे आठ-नऊ हिमोग्लोबिन घेऊन वर्षानुवर्षं फिरणाऱ्या बायका इतक्या आहेत, की ही एक तपासणी राहून गेली आणि धडधडीवर गोळी चालू झाली असं सहज होतं. चालू औषधांकडेही बघा. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, दम्याचा साल्ब्युटामॉल, नैराश्यावरची व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन यांनीही ठोके वाढतात.

मीठ, पाणी आणि मोजे

हा भाग थोडक्यात सांगते, कारण तो डॉक्टर सांगतातच. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दहा ग्रॅमच्या आसपास मीठ, पोटापर्यंत येणारे घट्ट मोजे आणि बसून किंवा आडवं पडून करायचा व्यायाम. बीपी जास्त असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ वाढवायचं नाही. लिटरभर पाण्यात विरघळवायच्या ओआरएसच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी त्यातलं अर्धं पिऊन घेणं अनेकांना मानवतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

हे जमवल्याशिवाय गोळीला लागू नका, असं मी म्हणते त्याला कारण आहे. उभं राहिलं की अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि रक्त वर ढकललं जातं. पॉट्समध्ये कुणाच्या पायांतल्या वाहिन्या नीट आवळत नाहीत, कुणाच्या अंगात मुळात रक्ताचं प्रमाणच कमी असतं, तर कुणाच्या शरीरात उभं राहताच ठोके वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. बऱ्याच जणांत थोडं थोडं सगळंच असतं. पहिल्या दोन प्रकारांत हृदय धावतं ते नाइलाजाने, मेंदूला रक्त पुरवण्यासाठी. टाकीत पाणी नसताना पंपाचा वेग कमी केला तर वरच्या मजल्यावर जे थेंब येत होते तेही बंद होतात. बीटा ब्लॉकर पंपाचा वेग कमी करतो, टाकी भरत नाही.

म्हणूनच बीटा ब्लॉकरचा खरा फायदा होतो तो तिसऱ्या प्रकारात. उभं राहिल्यावर हात थरथरतात, तळहाताला घाम सुटतो, कारण नसताना भीती वाटते, छातीत ढोल वाजतात आणि बीपी पडण्याऐवजी दहा-पंधराने वाढतं, असं असेल तर ते डॉक्टरांना ठळकपणे सांगा. याउलट आडवं असतानाच वरचं बीपी ९० च्या घरात आणि ठोके ६० च्या खाली असतील, मुख्य तक्रार धडधडीपेक्षा थकव्याची असेल, तर या गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांना सांगायचं

दमा हा पहिला मुद्दा. लहानपणी होता, आता नाही, असं असलं तरी सांगायचं. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या श्वासनलिका आवळू शकतात आणि अशा वेळी दम्याचा तोंडाने ओढायचा पंपही नेहमीसारखा काम करत नाही. हृदयावर निवडकपणे काम करणाऱ्या गोळ्या त्या मानाने बऱ्या, पण दम्यात त्याही फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरा मुद्दा अ‍ॅलर्जीचा. अंगावर वारंवार पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, मधमाशी चावून किंवा एखाद्या औषधाने एकदा जिवावर बेतलेलं असणं, हे सांगितलंच पाहिजे. अशा जीवघेण्या अ‍ॅलर्जीवर अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन देतात आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर ते हवं तसं लागू पडत नाही. पॉट्सबरोबर मास्ट पेशींचा (अ‍ॅलर्जी उठवणाऱ्या पेशींचा) त्रास असणारे काही रुग्ण असतात, त्यांच्यासाठी हा मुद्दा फारच महत्त्वाचा.

मग मधुमेह आणि इन्शुलिन. साखर उतरली की धडधड आणि थरथर होऊन माणूस सावध होतो. या गोळ्या ती खूणच पुसतात, घाम मात्र सुटतो. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, ईसीजीत ब्लॉक सांगितला असेल, गर्भधारणेचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही सांगा. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर नक्कीच, कारण दोन्ही मिळून ठोके धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांनी मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल रक्तात साठून राहतात, म्हणजे कमी डोससुद्धा जास्तीचा ठरतो. अर्धशिशीसाठी रिझाट्रिप्टान घेत असाल तर प्रोप्रॅनोलॉलबरोबर त्याचा डोस कमी करावा लागतो.

हे सगळं आठवत बसण्यापेक्षा घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत भरून न्या. डॉक्टरांना ती पिशवी बघायला मिनिटही लागत नाही.

कोणता

पॉट्ससाठी म्हणून अधिकृत मंजुरी मिळालेलं औषध अमेरिकेतही नाही. बीटा ब्लॉकर मंजूर आहेत ते बीपी, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), हृदयाचे अनियमित ठोके आणि काही अर्धशिशीसाठी. डॉक्टर ते अनुभवावर आणि थोड्या अभ्यासांच्या आधारावर पॉट्समध्ये वापरतात, त्यामुळे पाकिटातल्या कागदावर पॉट्सचा उल्लेख नसतो. त्याने गांगरून जाऊ नका.

सर्वांत जास्त अभ्यास झाला तो प्रोप्रॅनोलॉलचा. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलेलं हे औषध, १९८८ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात याचाही वाटा होता. आपल्याकडे सिप्लार, इंडेराल या नावांनी मिळतं आणि अगदी स्वस्त आहे. ते हृदयासकट सगळीकडच्या बीटा ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या अ‍ॅड्रिनलिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागांवर, काम करतं आणि मेंदूतही सहज शिरतं. यामुळे त्याची एक बाजू फार चांगली आहे. अर्धशिशी, हातांची थरथर, स्टेजवर जाताना होणारी घाबरगुंडी, तिन्हींवर ते चालतं आणि पॉट्सच्या मुलींत अर्धशिशी बरीच आढळते, म्हणजे एका गोळीत दोन कामं. दुसरी बाजू म्हणजे स्वप्नं. रात्रीचा डोस घेतला की काहींना इतकी खरीखुरी आणि भयंकर स्वप्नं पडतात की ती दचकून उठतात, आणि गोळीशी याचा संबंध असेल हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. साध्या गोळीचा असर चार-सहा तासच राहतो. हा तोटा वाटतो खरा, पण नव्याने सुरू करणाऱ्याला तो फायद्याचा आहे, कारण मानवली नाही तर दुपारपर्यंत उतरते. सकाळ अवघड आणि संध्याकाळ बरी असं असणाऱ्याला सकाळीच डोस देता येतो.

मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतं. बीटालॉक, मेटोलार, मेट एक्सएल ही नेहमीची नावं. यात दोन क्षार असतात आणि ते एकमेकांच्या बदल्यात चालत नाहीत. टार्ट्रेट लवकर उतरतो म्हणून दिवसातून दोनदा घ्यावा लागतो, सक्सिनेट चोवीस तास हळूहळू सुटतो. दिवसभर सारखा असर हवा असेल तर सक्सिनेट बरा. मेंदूत थोडंफार हेही जातं.

बिसोप्रोलॉल, म्हणजे कॉनकॉर वगैरे, हृदयासाठी त्याहून जास्त निवडक. एकदाच घ्यायचं आणि अडीच मिलिग्रॅमसारख्या छोट्या ताकदीत मिळतं, म्हणून हळू सुरुवात करायला सोयीचं. २०१८ मध्ये कोरियात झालेल्या एका चाचणीत प्रोप्रॅनोलॉल आणि बिसोप्रोलॉल दोन्हींनी तीन महिन्यांत उभं राहण्याचा त्रास कमी झाला, दोघांत ठळक फरक दिसला नाही. प्रोप्रॅनोलॉलने झोपेचं खोबरं झालेल्यांसाठी किंवा दिवसात तीनदा गोळी घेणं विसरणाऱ्यांसाठी मला हा पर्याय डॉक्टरांना विचारण्यासारखा वाटतो.

अटेनोलॉल पाण्यात विरघळणारं आहे, मेंदूत फारसं जात नाही, त्यामुळे स्वप्नांचा त्रास कमी. पण ते किडनीतून बाहेर पडतं आणि गर्भाची वाढ खुंटवू शकतं, म्हणून मूल होऊ देण्याच्या विचारात असणाऱ्या बाईला ते सहसा देत नाहीत.

नेबिव्होलॉल निवडक असलं तरी रक्तवाहिन्या सैलावतं. बीपीच्या रुग्णाला हे हवंच असतं, पॉट्समध्ये आधीच सैल वाहिन्या आणखी सैल करून काय मिळवायचं? कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल तर अल्फा ग्राहकही अडवतात, म्हणजे उभं राहिल्यावर वाहिन्या आवळण्याची शरीराची धडपडच हाणून पाडतात. यातलं काही तुमच्या चिठ्ठीवर असेल तर 'पॉट्समध्ये हे चालेल ना' असं विचारा. डॉक्टरांकडे वेगळं कारण असू शकतं, पण विचारणं तुमचा हक्क आहे.

किती

२००९ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सतीश राज आणि सहकाऱ्यांनी पॉट्सच्या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉलचा २० मिलिग्रॅमचा डोस देऊन बघितला, त्यांतल्या काहींना ८० चाही. ८० ने ठोके जास्त उतरले. त्रास मात्र २० ने जास्त कमी झाला. ८० ने आकडे सुंदर आले, पण माणसांना तेवढं बरं वाटलं नाही.

म्हणून पॉट्समध्ये प्रोप्रॅनोलॉल सुरू होतं ते १० किंवा २० मिलिग्रॅमवर. अर्धशिशीसाठी किंवा बीपीसाठी दिले जातात ते डोस यापेक्षा बरेच मोठे असतात. चिठ्ठीवर पहिल्याच दिवसापासून ४० दोनदा असेल, तर 'यापेक्षा कमीवर सुरू करून बघता येईल का' असं नम्रपणे विचारावं. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉललाही हाच न्याय, सर्वांत छोटी ताकद आधी आणि एक-दोन आठवड्यांनी विचार.

उभं राहिल्यावर १३० वर जाणारे ठोके १०५ वर आले आणि तुम्ही पोळ्या लाटून ओट्याशी अजून उभ्या आहात, तर तेवढं पुरे. ते ८५ वर आणण्याच्या मागे लागलात तर पोळ्या राहतील आणि सोफाच उरेल.

मेडिकलमध्ये

इथे घोळ होतात आणि ते माझ्या बाजूने घडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे एकाच ब्रँडखाली पाच-सहा गोळ्या असतात आणि फरक असतो नावापुढच्या अक्षरांत. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल, नेबिव्होलॉलच्या नावापुढे 'एएम' असेल तर आत सहसा अ‍ॅम्लोडिपिनही असतं, म्हणजे वाहिन्या सैलावणारी बीपीची गोळी. 'एच' म्हणजे बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. 'टी' म्हणजे बहुतेक वेळा टेल्मिसार्टन. तिन्ही पॉट्समध्ये नकोच. मीठ-पाणी घालून जे रक्त भरलंय ते एका अक्षराने उतरवायचं काय कारण? प्रोप्रॅनोलॉलमध्ये 'प्लस' असेल तर फ्लुनारिझिन मिसळलेलं असू शकतं आणि 'बीटा' असं शेपूट असलेल्या काही गोळ्यांत क्लोनाझेपाम किंवा इटिझोलाम असतं. ती झोपेची आणि सवय लागणारी औषधं आहेत. 'एलए', 'टीआर', 'एक्सएल', 'एक्सआर' म्हणजे हळू सुटणारी गोळी.

एका मुलीची आई दुसऱ्या दुकानातून घेतलेली स्ट्रिप घेऊन आली होती. चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल १०, साधी, सकाळ-दुपार. हातात ४० ची लाँग अ‍ॅक्टिंग. "काकू, तिथे म्हणाले औषध तेच आहे, फक्त पॉवर जास्त आहे, अर्धी अर्धी द्या." हळू सुटणारी गोळी मनाला येईल तशी तोडली की तिचा हळूपणाच जातो आणि सगळं औषध एकदम रक्तात उतरतं. मुलगी दोन दिवस पलंगावरून उठली नव्हती. गोळी बदलली तशी ठीक झाली.

तेव्हा स्ट्रिप हातात आली की ब्रँडच्या खालची बारीक अक्षरं वाचा. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, शेपूट, तिन्ही चिठ्ठीशी जुळवा. मधोमध रेष असली तरी तोडायची का हे विचारून घ्या. सुट्या दोन-चार गोळ्या घेत असाल तर ज्या बाजूला नाव आणि तारीख आहे तो तुकडा मागून घ्या, नाहीतर महिन्याने त्या पांढऱ्या गोळीचं नाव तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. चिठ्ठीशिवाय ही औषधं कुणी देत असेल तरी घेऊ नका.

पहिले दोन-तीन आठवडे

सुरुवात सुट्टीच्या दिवशी, घरात माणूस असताना. लोकलने जायचा दिवस, प्रवास, लग्नघर, एकादशीचा उपवास किंवा परीक्षा यांच्या आदल्या दिवशी नको. दिवाळीच्या पहाटे कढत पाण्याच्या अभ्यंगस्नानाआधी तर नकोच, गरम पाण्याने वाहिन्या सैलावतात आणि वर नवी गोळी. पहिला डोस काहीतरी खाऊन घ्या आणि पुढेही रोज तसंच घ्या, कारण प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल खाण्याबरोबर जास्त शोषलं जातं आणि कधी उपाशी, कधी भरल्या पोटी घेतलं की असर रोज वेगळा येतो. दिवसभराचा उपवास करायचाच असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. लहान मुलांत उपाशीपोटी प्रोप्रॅनोलॉलने साखर उतरू शकते.

वहीत रोज चारच गोष्टी लिहा. सकाळचे आडवे ठोके आणि बीपी, पाच मिनिटं उभं राहिल्यावरचे ठोके आणि बीपी, गोळीची वेळ आणि त्या दिवशी उभ्याने केलेलं एक ठरावीक काम. हे काम कोणतंही असू द्या. अंघोळ उभ्याने झाली का, भांडी घासून झाली का, स्टॉपवर बसची वाट बघता आली का. डॉक्टरांना आकड्यांइतकंच हेही उपयोगी पडतं. दिवसभर ऑक्सिमीटर बोटात अडकवून बसू नका, त्यात बघून बघूनच ठोके वाढतात.

थोडा थकवा, हातपाय गार पडणं, जिना चढताना पाय जड वाटणं हे पहिल्या आठवड्यात होतं आणि बऱ्याचदा ओसरतं. व्यायाम करताना मात्र ठोक्यांचं लक्ष्य विसरा. गोळीमुळे ठोके चढणारच नाहीत आणि तुम्ही उगाच जोर वाढवत राहाल. करता करता वाक्य पुरं बोलता येतंय का, एवढंच बघा.

शांत बसल्यावर ठोके ५० च्या खाली, वरचं बीपी ९० च्या खाली आणि त्याबरोबर गरगरत असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. छातीत घरघर, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं यांपैकी काही झालं तर फोनवर बोलत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. मन खूप खचल्यासारखं वाटत असेल तर तेही सांगा, सोसत बसू नका.

नाहीच मानवलं तर

दोन-तीन आठवड्यांत वहीतलं काम जमेना आणि थकवा वाढला, तर डोस वाढवायचा की गोळी बदलायची हा प्रश्न येतो. आडवे ठोके आधीच ६० च्या आसपास असतील तर वाढवून काही मिळत नाही. स्वप्नं किंवा झोप हा एकच त्रास असेल, तर प्रोप्रॅनोलॉलची शेवटची गोळी संध्याकाळऐवजी दुपारी घेऊन बघता येतं, नाहीतर बिसोप्रोलॉल. श्वासाचा त्रास असेल तर हा सगळा गटच सोडावा लागतो.

त्या वेळी डॉक्टर बहुधा आयव्हाब्रॅडिनचा विचार करतात. ते ठोके कमी करतं, पण बीपीला आणि श्वासनलिकांना हात लावत नाही, म्हणून कमी बीपीवाल्यांना आणि दमेकऱ्यांना सोयीचं. २०२१ मध्ये सॅन डिएगोत झालेल्या एका छोट्या चाचणीत, २२ रुग्णांत, त्याने ठोके आणि रोजचं जगणं दोन्ही सुधारलं. ते बीटा ब्लॉकरपेक्षा महाग पडतं. अंधारातून उजेडात आलं की डोळ्यांपुढे चमक दिसू शकते, घाबरण्यासारखं नसतं पण रात्री गाडी चालवणाऱ्याला माहीत हवं. गर्भावस्थेत अजिबात चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, बुरशीवरच्या काही गोळ्या, डिल्टियाझेम आणि ग्रेपफ्रूट यांच्याबरोबर ते रक्तात वाढतं, तेव्हा घसा दुखला म्हणून जवळच्या दवाखान्यात गेलात तरी हे नाव सांगायचं. वाहिन्या आवळणारं मिडोड्रिन, मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन, पिरिडोस्टिग्मिन ही आणखी नावं ऐकायला मिळतील. त्यांचे नियम वेगळे आहेत, इथे त्यात शिरत नाही.

२०११ मध्ये डॅलसमध्ये पॉट्सच्या रुग्णांना आधी चार आठवडे प्रोप्रॅनोलॉल किंवा खोटी गोळी दिली आणि नंतर तीन महिने बसून-आडवं पडून करायचा व्यायाम. रोजचं जगणं सुधारलं ते व्यायामाने, गोळीने नाही. माझं वाचन असं की गोळी व्यायाम सुरू करण्याइतकी उभारी देते, आणि तीही काहींनाच. ही उभारी मिळाल्यावर व्यायाम टाळला तर वर्षभराने आपण तिथेच असतो, फक्त गोळीसकट.

बंद करताना

बरं वाटलं म्हणून किंवा स्ट्रिप संपली म्हणून एका दिवसात बंद करायची नाही. गोळी चालू असताना शरीराचे बीटा ग्राहक जास्त हळवे झालेले असतात. गोळी अचानक थांबली की ठोके आधीपेक्षा वर जातात, बीपी उसळू शकतं आणि माणसाला वाटतं आजार उलटला. डोस एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने कमी करायचा असतो आणि त्या पायऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यायच्या असतात. शेवटच्या पाच-सहा गोळ्या राहिल्या की पुढची स्ट्रिप आणा. गणपतीत आणि दिवाळीत दुकानं, वितरक, डॉक्टर सगळेच सुट्टीवर असतात, तेव्हा पंधरा दिवसांची गोळी आधीच घेऊन ठेवा. गावी जाताना ती सामानाच्या बॅगेत नको, हाताशी असलेल्या पर्समध्ये.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल, तर दिवस जाऊ न देता डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन किंवा दाढ काढायची असेल तर भूलतज्ज्ञाला आणि दातांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि डोस सांगा, कारण दातांच्या भुलीच्या इंजेक्शनात बहुतेकदा अ‍ॅड्रिनलिन असतं आणि प्रोप्रॅनोलॉल चालू असणाऱ्याचं बीपी त्याने चढू शकतं. हे इंजेक्शन टोचण्याआधी सांगायचं, खुर्चीत तोंड उघडून बसल्यावर ते सांगता येत नाही.